लेखपानाची नवी मांडणी : कामाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५, सोमवार

लेखपानाचं, म्हणजे साइटवर लेख उघडल्यावर दिसणाऱ्या पानाचं, काम शेवटी माझ्या गळ्यात पडलं. आमची साइट व्यावसायिकांची आहे. छोटे कारखानदार, वर्कशॉपवाले, लेखापाल, फिजिओथेरपिस्ट, द्राक्षबागायतदारांना सल्ला देणारे असे लोक इथे एकमेकांना शोधतात, कामं देतात-घेतात. त्यातले काही लिहितातही. लिंक्डइनने २०१४ पासून लेख लिहायची सोय सगळ्यांना खुली करायला सुरुवात केली, त्यावरूनच आमच्याकडे ही कल्पना आली होती.

निरोप असा : ‘पान जुनाट दिसतंय, फ्रेश करा. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, लोकांपुढे आणायचंय.’ म्हणजे हातात जेमतेम साडेसहा आठवडे. फ्रेश म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर ताईंनी (प्रॉडक्टचं त्या बघतात) दोन परदेशी साइटी उघडून दाखवल्या. दोन्हींवर भलामोठा फोटो, ऐसपैस पांढरी जागा आणि मजकूर कुठेतरी तळघरात. मी मान डोलावली. पहिल्या दिवशी कशाला वाद घाला.

१५ जानेवारी

कालचा तिळगूळ अजून टेबलावर आहे. तो खात खात आजचं लेखपान फोनवर उघडून नुसतं पाहत बसले. साधा अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा, वायफाय बंद.

वरून खाली : साइटची पट्टी. अ‍ॅप घ्या म्हणणारी पट्टी. कुकीजची पट्टी. मुखचित्र. शीर्षक, तेही तीन टिंबांनी तोडलेलं. लेखकाचं कार्ड, त्यात फोटो, नाव, हुद्दा, शहर, ‘संपर्कात या’ आणि ‘अनुसरण करा’ अशी दोन बटणं. मग शेअरची चार चिन्हं. दोनदा अंगठा फिरवल्यावर लेखाची पहिली ओळ. आणि थोडं वाचून होतंय तोवर ‘पुढे वाचण्यासाठी लॉगिन करा’.

नमुन्याला घेतलेला लेख भोसरीच्या एका डाय मेकरचा (पत्रा कापायचे साचे बनवणाऱ्याचा) होता, प्रेस टूलमध्ये वरचा पंच आणि खालची डाय यांत क्लिअरन्स, म्हणजे फट, किती ठेवावी यावर. माणसाने जीव ओतून लिहिलंय. पत्र्याच्या जाडीनुसार, धातूनुसार मोठा तक्ता दिलाय. फोनवर त्या तक्त्याचे उजवीकडचे दोन रकाने पानाबाहेर गेलेत आणि सरकवायची सोयच नाही. म्हणजे ॲल्युमिनियम आणि माइल्ड स्टील दिसतं, स्टेनलेस स्टील गायब. ज्याला स्टेनलेसचाच आकडा हवा होता त्याने काय करावं?

लेखाच्या डोक्यावर लिहिलेलं : ‘१ मिनिटाचे वाचन’. मला अकरा मिनिटं लागली.

१७ जानेवारी

त्या एका मिनिटाचा छडा लागला. आमच्याकडच्या प्रत्येक मराठी लेखाला एक मिनिटच लागतं, मग तो दहा ओळींचा असो की दहा पानांचा. मोजणीच्या कोडमध्ये शब्द ओळखायचा जो नियम वापरलाय त्याला फक्त इंग्रजी मुळाक्षरं, अंक आणि अधोरेखा एवढंच ‘शब्द’ म्हणून कळतं. मराठी लेखात त्याला शून्य शब्द सापडतात, आणि शून्य मिनिटं बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी किमान एक मिनिट ठेवलेलं. चार वर्षं हे असंच चाललंय आणि एकाही वाचकाने तक्रार केली नाही. त्या आकड्याकडे कुणी बघतच नसणार.

बॅकएंडच्या (सर्व्हरकडचा कोड बघणाऱ्या) दादाने दुपारी लगेच दुरुस्ती केली : कुठल्याही लिपीतलं अक्षर चालेल. आता तोच लेख अर्ध्या तासाचा झाला. कारण युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या चिन्हांना संगणकात क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडकं ही ‘अक्षरं’ नाहीत, ती ‘चिन्हं’. त्यामुळे जिथे काना आला तिथे शब्द तुटला. ‘मराठी’ या शब्दाचे झाले दोन : ‘मर’ आणि ‘ठ’. ‘क्लिअरन्स’चे चार. दादा म्हणाला, ‘शब्दांचा मर-ठ करून टाकला की गं आपण.’

संध्याकाळी तिसरी दुरुस्ती, ब्राउजरमध्येच शब्द सुटे करण्याची जी सोय असते ती वापरून. आता मोजणी बरोबर. पण मला तरी मिनिटं पटत नाहीत. इंग्रजीत चार शब्द लागतील तिथे आपण ‘कारखान्यासमोरच्या’ असा एकच शब्द लिहितो. मिनिटाला इतके शब्द, हा इंग्रजीचा ठोकताळा मराठीला लावला की लेख आहे त्यापेक्षा छोटा वाटतो. नव्या पानात मिनिटं नकोत असं नोंदवून ठेवलं. ताई म्हणाल्या बघू.

२१ जानेवारी

भोसरीला जाऊन आले. त्या डाय मेकर काकांना म्हटलं, तुमच्याच लेखाच्या पानाबद्दल बोलायचंय. त्यांनी आधी शेडमध्ये फिरवून प्रेस दाखवल्या, चहा पाजला, मग खिशातून फोन काढला. स्क्रीनला आडवी चीर गेलेली, अक्षरांचा आकार सेटिंगमधून मोठा केलेला. मोठ्या अक्षरांमुळे आमच्या पानावरची दोन बटणं एकमेकांवर चढली होती. ऑफिसात बसून हे कधीच दिसलं नसतं.

‘लेख कुणाला पाठवता?’
‘आमच्या टूल रूमवाल्यांच्या ग्रुपवर. पण लिंक पाठवली की लोक घाबरतात.’
‘का?’
त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडून दाखवलं. लिंक म्हणजे टक्क्याची चिन्हं, अंक आणि इंग्रजी अक्षरं यांची सहा ओळींची माळ. ‘एकाने विचारलं, काका, व्हायरस आहे का? तेव्हापासून मी पानाचा फोटोच काढून पाठवतो.’

कारण साधं आहे. लिंकमध्ये लेखाचं पूर्ण मराठी शीर्षक जातं. देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, आणि लिंक कॉपी करताना प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. म्हणजे अक्षर, काना, मात्रा, प्रत्येकाची नऊ. ‘मराठी’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस. दहा-बारा शब्दांच्या शीर्षकाचं काय होणार ते काकांच्या ग्रुपवर दिसलंच.

पीएमटीने परत येताना (बसला पीएमपीएमएल म्हणायची सवय काही लागत नाही) वहीत लिहिलं : लिंकमध्ये फक्त लेखाचा क्रमांक. मराठी शीर्षक लिंकमध्ये हवं हा अभिमान मलाही आहे, पण ज्या अभिमानाला लोक व्हायरस समजतात तो काय कामाचा. जुन्या लिंका नव्या पत्त्यावर कायमच्या वळवायच्या, एकही तुटता कामा नये. काकांनी मात्र जाताना वेगळंच विचारलं : ‘तक्ता नीट दिसेल का हो?’

२४ जानेवारी

आजचा दिवस अक्षरांचा. सगळ्यात जास्त मजा आणि सगळ्यात जास्त चिडचिड याच दिवशी.

आजच्या पानावर इंग्रजीसाठी छान निवडलेला फॉन्ट आहे आणि मराठीसाठी काहीच सांगितलेलं नाही. मग ज्याच्या यंत्रात जे असेल ते दिसतं. फोनवर बहुधा नोटो, ऑफिसातल्या जुन्या विंडोजवर मंगल. मंगलला नावं ठेवायची फॅशन आहे, पण अक्षरकार र. कृ. जोशींनी तो ज्या काळात केला तेव्हा पडद्यावर धड देवनागरी दिसणं हीच मोठी गोष्ट होती. आज आपल्याकडे निवडीला वाव आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, हे सगळे फुकट आणि खुले. मजकुरासाठी मुक्त घेतला. वजनं फक्त दोन, साधं आणि ठळक, कारण देवनागरी फॉन्टात जोडाक्षरांमुळे आकार खूप असतात आणि फाइल जड होते. बलू शीर्षकाला ताईंना आवडला होता. क्लिअरन्सच्या तक्त्यावर बलू म्हणजे मुंजीच्या पत्रिकेत पत्र्याचं कोटेशन. नको.

मग बारीकसारीक दुरुस्त्या, इथे लिहून ठेवते म्हणजे पुन्हा कुणी करणार नाही :

शीर्षकातल्या अक्षरांमध्ये किंचित जास्त अंतर दिलेलं होतं. रोमनला ते शोभतं. देवनागरीत त्याने शिरोरेघेचे तुकडे होतात, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शून्य केलं.

दोन ओळींतलं अंतर दीडपट होतं. वरच्या ओळीचा ऊकार आणि खालच्या ओळीची रफार-मात्रा एकमेकांना टेकत होती. पावणेदोनपट केलं.

अवतरणं तिरकी होती. देवनागरीत तिरकी अक्षरं हा ब्राउजरने केलेला जुगाड असतो, उभं अक्षर नुसतं ढकलायचं. काढलं, डावीकडे एक जाड रेघ पुरे.

दुव्याखालची रेघ उकारांना चिरत जात होती. ती थोडी खाली सरकवली.

आणि सगळ्यात मोठं : प्रत्येक पानाच्या कोडमध्ये पहिल्याच ओळीत भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली. याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ची हिंदी आणि मराठी, दोन्ही वळणं असतात, पान मराठी आहे असं सांगितलं तरच आपलं वळण येतं. पाकळीचा ल आणि देठाचा श, हे राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयातही ठरवून दिलंय. शिवाय अंध वाचकांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हीच ओळ बघून आवाज निवडतं. आजवर ते आमचे मराठी लेख इंग्रजी आवाजात वाचायला जात होतं. भाषा आता लेखागणिक ठरेल.

२७ जानेवारी

तक्ता झाला. पहिला रकाना जागेवर राहतो, बाकीचे आडवे सरकतात, उजव्या कडेला हलकी सावली, म्हणजे पुढे आणखी आहे हे कळतं. अर्ध्या दिवसाचं काम. ते इतकी वर्षं का झालं नव्हतं, याला उत्तर नाही.

३० जानेवारी

आज एक जुना लेख नव्या पानात टाकून बघत होते. ट्रेकला नेणाऱ्या एका बाईंचा. शीर्षक : ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’. नव्या पानात उमटलं : ‘सह्याद्रीतल्या दर्या’. दऱ्याखोऱ्यांचा समुद्र झाला!

आधी मला वाटलं फॉन्टचा दोष. मुक्तवर उगाच संशय घेतला. मग दादाने मूळ मजकूर उलगडून दाखवला. हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्त्याचा ऱ वापरतात. दुसऱ्यात साधा र, पायमोडकं, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. अनेक जुने लेख दुसऱ्या प्रकारचे. लेख साफ करणारी आमची जी चाळणी आहे ती वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपमधून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा काढते. न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा, असं तिला शिकवलेलं. तिने जोडचिन्ह उडवलं, आणि उरलेल्या र चा रफार होऊन डोक्यावर बसला.

शाळेत आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला फरक शिकवायचे तेव्हा आम्ही हसायचो. गुरुजींना दक्षिणा की स्वयंपाक्याला पगार, हे एका न दिसणाऱ्या चिन्हावर अवलंबून.

चाळणी दुरुस्त. जुना प्रकार दिसला तर तो जपून नव्यात बदलायचा, उडवायचा नाही. ज्या लेखांचं आधीच नुकसान झालंय ते हाताने शोधावे लागतील. ‘करणार्या’, ‘जाणार्या’, ‘दुसर्या’ असे शब्द शोधून यादी काढली. यादी लांब आहे. एका वाक्यात ‘बोलणार्या’ आणि ‘आचार्य’ दोन्ही आलेत, म्हणजे सरसकट बदलही चालणार नाही.

५ फेब्रुवारी

बैठक. विषय लॉगिनचा पडदा. याच्यासाठी आवाज चढले.

संस्थापकांचं म्हणणं : ‘लेख हे आमिष आहे. लोक लेखासाठी येतात, पडदा आला की खातं उघडतात, खाती वाढतात. पडदा काढला तर आपण फुकट वाचनालय चालवतोय.’

माझं म्हणणं : फोनवर मजकूर झाकणाऱ्या पडद्यांची पानं शोधात खाली टाकायला गूगलने १० जानेवारी २०१७ पासूनच सुरुवात केलीय. पण खरं कारण ते नाही. भोसरीच्या काकांना लोकांनी वाचावं, फोन करावा, काम द्यावं म्हणून ते लिहितात. आधीच लिंकच्या भीतीपायी ते पानाचा फोटो काढून पाठवतात, त्यात हा पडदा. त्या फोटोतून आमच्याकडे कुणीच येत नाही. आमिष आपण दाखवतोय आणि मासा दुसऱ्याच तळ्यात.

ताई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक दुकानात शिरून माल हातात घेतं आणि आपण त्याचा हात धरून नाव-गाव विचारतो.’ संस्थापकांचं घराणं कापडवाल्यांचं. ते हसले. दोन महिने पडदा नाही; लेख संपल्यावर एक ओळ, ‘यांच्याशी संपर्क साधायचा असेल तर खातं उघडा.’ दोन महिन्यांनी हिशेब. हा निर्णय मी ठळक अक्षरांत सगळ्यांना मेल केला, म्हणजे नंतर स्मरणशक्तीचे प्रश्न नकोत.

११ फेब्रुवारी

लेखकाचं कार्ड. व्यावसायिकांच्या साइटवर हे कार्ड शोभेचं नसतं. क्लिअरन्सचा आकडा कोण सांगतंय, तीस वर्षं प्रेसवर उभा राहिलेला माणूस की कालचा इन्फ्लुएन्सर, यावर तो आकडा वापरायचा की नाही ते ठरतं. म्हणून कार्ड काढायचं नाही, फक्त बारीक करायचं. शीर्षकाखाली एक ओळ : नाव, काम, गाव. बटणं आणि बाकीचं सगळं लेखाच्या शेवटी. वाचून झाल्यावरच माणसाला संपर्क करावासा वाटतो, वाचायच्या आधी नाही.

ज्यांनी फोटो लावलेला नाही त्यांच्या जागी वर्तुळात नावाचं पहिलं अक्षर येतं. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाला ‘ज’ आला होता, क्षितिजाला ‘क’, श्रीकांतला ‘श’. कोड पहिलं चिन्ह उचलतं, पहिलं अक्षर नाही. दादाने विचारलं, ‘मग किती उचलायचं? ज्ञ? ज्ञा?’

यावर आम्ही उगाच अर्धा तास घालवला. उत्तर आपल्या घरातच होतं. आपण पु. ल. लिहितो, प. ल. नाही. वि. वा. शिरवाडकर लिहितो. मराठीत आद्याक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट घ्यायची रीत आहे. म्हणजे ज्ञा, क्षि, श्री. देवनागरी जोडाक्षर एकसंध अक्षर म्हणून न तोडण्याचा नियम युनिकोडच्या २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आलाय, तो पाळणारी नवी लायब्ररी (तयार कोडचा संच) घेतली की काम आपोआप होतं. शीर्षक कापतानाही आता तोच नियम, यापुढे ‘विद्यार्थ्...’ असा लटकलेला पाय दिसणार नाही.

१८ फेब्रुवारी

उद्या शिवजयंतीची सुट्टी, म्हणून आज भरभर. तारीख, गाव, चित्राखालच्या ओळी हे सगळं फिकट करड्या रंगात होतं, रंगाचा कोड #९९९. पांढऱ्यावर त्याचा उजेडातला फरक (कॉन्ट्रास्ट) २.८५ला १ इतकाच भरतो. वाचनसुलभतेच्या जागतिक नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ला १ लागतो. गच्चीवर उन्हात फोन घेऊन गेले, तारीख दिसेना. रंग गडद केला, फरक ७च्या वर नेला. ‘हलकं, हवेशीर’ दिसणं गेलं असं आमच्या व्हिज्युअल डिझायनरचं मत. त्यालाही गच्चीवर नेलं.

२१ फेब्रुवारी

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकल्यावर जे छोटं चित्र येतं ते आता लेखागणिक आपोआप बनतं. १२०० बाय ६३० पिक्सेल, त्यावर शीर्षक आणि लेखकाचं नाव. पहिलं चित्र बनलं आणि सगळे गप्प. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर उभी, जोडाक्षरं सुटी, पायमोडकी लोंबकळत. सरकारी दाखल्यांवर आणि एसटीच्या जुन्या पाट्यांवर हा प्रकार पाहिलेला, आता आपल्या घरात. सर्व्हरवर चित्र काढणारी लायब्ररी अक्षरं ओळीने नुसती मांडत होती. देवनागरीत आधी आकार घडवावे लागतात. ते काम हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं (नाव फारसी आहे, ‘ओपन टाइप’ या फॉन्टच्या प्रकाराचं शब्दशः भाषांतर, मला हे कळल्यापासून ते आवडतं). ते जोडल्यावर सगळं जागेवर आलं.

२५ फेब्रुवारी

शोध. ‘ॲल्युमिनियम’ टाकलं तर काकांचा लेख सापडत नाही, लेखात मात्र शब्द सात वेळा आहे. पुन्हा तेच दुखणं : ॲ एकसंध चिन्हानेही लिहिता येतो आणि अ वर चंद्र देऊनही. दिसायला जुळे भाऊ, यंत्राला परके. युनिकोडच्या नेहमीच्या एकसारखं करण्याच्या नियमांतही हे दोन जुळवलेले नाहीत, त्यामुळे जुळणी आपणच लिहिली. शोधताना दोन्ही एक मानायचे, लेखातला मजकूर जसा आहे तसा ठेवायचा.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सुट्टी, पण दादा आणि मी घरून बसलो. ‘र्या’ची यादी अजून संपलेली नाही. साबुदाण्याची खिचडी, एका हाताने ‘दुसर्या’चे ‘दुसऱ्या’.

२७ फेब्रुवारी

सकाळी दहाला पान खुलं झालं. पहिल्या तासात एकच तक्रार, तीही संस्थापकांची : ‘फ्रेश वाटतंय, पण बदललं काय ते कळत नाहीये.’

मिनिटं काढली, हे ताईंनी अजून पाहिलेलं नाही.

४ मार्च

भोसरीच्या काकांचा फोन. तक्ता दिसतोय, लिंक ग्रुपवर टाकली, कुणी घाबरलं नाही. पण शिरोलीच्या एका टूल रूमवाल्याने स्टेनलेसच्या रकान्यातला एक आकडा चुकीचा असल्याचं दाखवून दिलंय. काकांनी कागदावर मांडून पाहिलं, तो बरोबर आहे. ‘आजवर तो रकाना कुणाला दिसलाच नव्हता, म्हणून चूक पण दिसली नाही,’ म्हणाले.

आता त्यांना आकडा बदलायचाय, पण गुपचूप नाही. आधी कुणी तो आकडा घेऊन डाय बनवली असेल तर त्याला कळायला हवं. आमच्याकडे लेख सुधारला की जुना मजकूर पुसला जातो आणि तारीख मूळचीच राहते. ‘सुधारित’ असं कुठे लिहायचं, काय बदललं ते दाखवायचं का, उद्या दादा आणि ताईंबरोबर बसायचं. तोवर काकांना म्हटलंय, लेखाच्या वरच एक ओळ टाका.